खुडूक कोंबडीचा इतिहास : परसातल्या अंड्यांसाठी जात निवडताना काय निवडले जाते?

१/
गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. शहरांना पांढरी अंडी पुरवणारी पिंजऱ्यातील कोंबडी ३०० हून अधिक देते. हिशेब इतका उघड आहे. तरीही जुन्नर तालुक्यातील आळे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, आणि महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडेच, परसात फिरताना दिसते ती कमी अंडी देणारीच. याला अडाणीपणा म्हणावे की शहाणपण? उत्तरासाठी कोंबडीच्या एका सवयीचा इतिहास पाहावा लागतो. ती सवय म्हणजे खुडूक होणे.

२/
आळे हे गाव वारकऱ्यांना ठाऊक आहे ते रेड्याच्या समाधीमुळे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी येथे असल्याची श्रद्धा आहे. प्रवाशांना ठाऊक आहे तो आळेफाटा, जेथे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. समाधीच्या परिसरात माळकरी घरे आहेत, तेथे अंडे शिजत नाही. फाट्यावर मात्र अंडाभुर्जीच्या गाड्यांना रात्रीही उसंत नसते. कोंबडी या दोन जगांच्या मधल्या जागेत, म्हणजे घराच्या मागच्या दारी, राहत आली आहे.

३/
जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या जंगलात आजही करडा रानकोंबडा आरवतो. परसातली कोंबडी त्याचीच लेक असावी, असे सहज वाटते. मात्र पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज हा नव्हे. तो मान आहे तांबड्या रानकोंबड्याचा, आणि जनुकीय पुराव्यानुसार माणसाळण्याची सुरुवात आग्नेय आशियाच्या बाजूला झाली. सह्याद्रीच्या करड्या कोंबड्याने मात्र एक खूण ठेवली. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले.

४/
रानातली कोंबडी वर्षाला जेमतेम १० ते १५ अंडी घालते. तिच्या दृष्टीने अंडे हे उत्पादन नसून पिल्लू आहे. घरट्यात पुरेशी अंडी जमली की ती घालणे थांबवते आणि बसते. माणसाने हजारो वर्षांत हा आकडा चौपट-पाचपट केला, पण गावरान कोंबडीत मूळ क्रम तसाच राहिला : अंडी घालणे, खुडूक होणे, २१ दिवस उबवणे, पिल्ले वाढवणे, मग पुन्हा अंडी.

५/
हा क्रम आकड्यांत मांडला की पन्नासाचे कोडे सुटते. एका खेपेला १२ ते १५ अंडी. त्यानंतर तीन आठवडे ती अंड्यांवर. नंतर साधारण दोन महिने पिल्लांमागे. वर्षात अशा तीन किंवा चार खेपा बसतात, म्हणजे ३६ ते ६० अंडी. उरलेल्या काळात कोंबडी रिकामी नसते. जे काम पुढे विजेवर चालणारे उबवणी यंत्र आणि पिल्ले ऊबेत ठेवणारा दिवा करू लागले, ते ती अंगावर घेत असते. अंड्यांच्या तक्त्यात या कामाला रकाना नाही.

६/
जुन्या दख्खनच्या कोंबड्यांची एक नोंद उपलब्ध आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध करणारा साइक्स तो हाच. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तीत घाटातील करडा रानकोंबडाही आहे आणि पाळलेल्या कोंबड्यांपैकी एक उंच, दांडगी झुंजीची जातही.

७/
त्या दांडग्या जातीचे दोन कोंबडे आणि एक कोंबडी साइक्सने १८३१ साली इंग्लंडला नेली. तिकडचा हिवाळा त्यांनी सोसला, कोंबडीने भरपूर अंडी दिली आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत पिल्लांच्या दोन खेपा वाढवल्या, असे त्याने नोंदवले. त्याच्या लेखी कोंबडीची गुणवत्ता अजून दोन गोष्टींनी मोजली जात होती : तिने किती घातली, आणि किती वाढवली. पुढच्या शंभर वर्षांत यातली दुसरी गोष्ट मोजायची राहून गेली.

८/
१८४० च्या दशकात चीनकडून आलेल्या थोराड कोंबड्यांनी इंग्लंड-अमेरिकेत वेड लावले. १८४९ साली बोस्टनला मोठे कोंबडी-प्रदर्शन भरले. सुरुवातीला ही हौस पिसांची आणि आकाराची होती. शहरे वाढली, अंड्यांची मागणी वाढली, तसा हौसेचा धंदा झाला. इटलीच्या लिव्होर्नो बंदराच्या नावावरून ओळखली जाणारी लेगहॉर्न पुढे आली : अंगाने हलकी, खाण्याला कमी, अंड्याला पांढरी, आणि मुख्य म्हणजे खुडूक न होणारी.

९/
खुडूक न होणारी कोंबडी पूर्वी कुचकामाची ठरली असती, कारण तिचा वंश चालवायचा कोणी? ही अडचण यंत्राने दूर केली. १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस याने व्यवहारात उपयोगी पडेल असे उबवणी यंत्र तयार केले आणि ते गाव अंड्यांच्या व्यापाराचे केंद्र बनले. सापळ्याच्या खुराड्यांमुळे कोणत्या कोंबडीने किती अंडी दिली हे एकेकीच्या नावावर लिहिता येऊ लागले. जी बसते तिला काढा, जी घालत राहते तिची पैदास करा, हा नियम झाला. आईपण हा दोष ठरला.

१०/
हा दोष किती खोल दडलेला असतो, हे चार्ल्स डार्विनने आधीच टिपले होते. १८६८ सालच्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथात त्याने नोंदवले की, न बसणाऱ्या दोन वेगवेगळ्या जातींचा संकर केला तर त्यांच्या लेकींमध्ये उबवण्याची हरवलेली वृत्ती परत दिसू शकते. म्हणजे निवडीने ती नाहीशी होत नाही, झाकली जाते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही मराठी म्हण येथे जवळजवळ शब्दशः लागू पडते.

११/
याच काळात अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, लिटल कॉम्प्टनच्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली. जहाजांतून आलेल्या मलय आणि शांघायकडच्या कोंबड्यांचा स्थानिक कोंबड्यांशी संकर करत त्यांनी तांबडी, काटक, अंडी आणि मांस दोन्हींना चालणारी जात घडवली. १९०४ साली ती अमेरिकेच्या अधिकृत जातींच्या यादीत आली. हीच ऱ्होड आयलंड रेड, महाराष्ट्रात सर्रास ‘आरआयआर’ म्हणून ओळखली जाणारी. तिच्या तांबड्या रंगात आशियाचे देणे आहे. साइक्सच्या यादीतला उंच झुंजी पक्षी याच मलय घराण्यातला होता.

१२/
भारतात विदेशी कोंबड्या पद्धतशीरपणे वाटल्या त्या आधी मिशनऱ्यांनी. संयुक्त प्रांतातील एटा येथील मिशनचे काम त्यात गाजले. सरकारी संशोधनाला बळ मिळाले ते १९३९ साली, इज्जतनगरला कुक्कुट संशोधन विभाग सुरू झाल्यावर. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांनी हे काम गावोगाव नेले. मुंबईत मध्यवर्ती पैदास केंद्र झाले. पुणे जिल्ह्यासाठी खडकीचे सरकारी केंद्र महत्त्वाचे ठरले. राज्याच्या चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक तेथे आहे, बाकीची कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला.

१३/
तेव्हाची लोकप्रिय युक्ती साधी होती : गावातले गावरान कोंबडे काढायचे आणि सुधारित जातीचा नर द्यायचा. कोंबडी गावाची राहील, पिल्ले अर्धी विदेशी होतील आणि अंडी वाढतील. ती वाढलीही. मात्र प्रत्येक पिढीबरोबर खुडूक होण्याची खात्री कमी होत गेली, आणि नवा नर पुन्हा सरकारी केंद्रातूनच आणावा लागे. गावाला अंडी जास्त मिळाली, पण पुढच्या पिढीचा एक धागा गावाबाहेर गेला.

१४/
त्या काळातील खरे संकट मात्र रोगाचे होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुमाऊँतील राणीखेतला ज्या साथीची नोंद झाली, तिला त्या गावाचेच नाव पडले. मराठीत तिला मानमोडी म्हणतात. पक्ष्याची मान वळते, पाय लुळे पडतात आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधकांनी तिच्यावर लस तयार केली. परसातल्या कोंबडीच्या इतिहासात कोणत्याही नव्या जातीपेक्षा या लशीने जास्त पक्षी वाचवले. पण लस कुपीत अनेक पक्ष्यांसाठी असते, आणि घरी कोंबड्या असतात सात-आठ. म्हणून ती शेजारच्या चार घरांनी मिळून टोचून घ्यावी लागते. जेथे हे जमत नाही तेथे जातीची निवड निरर्थक ठरते.

१५/
१९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुढे पुणे हे भारतीय कुक्कुट उद्योगाचे प्रमुख केंद्र बनले. अंड्यांचा भाव व्यापाऱ्यांऐवजी उत्पादकांनी ठरवावा, म्हणून १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तिच्या जाहिरातींनी रोज अंडे खाण्याची सवय घराघरांत नेली. या उद्योगाची कोंबडी म्हणजे लेगहॉर्न घराण्यातली ‘बीव्ही-३००’. तिला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम मापून तयार केलेले खाद्य, सोळा तासांचा उजेड, ठरलेल्या लसी आणि पिंजऱ्याची सावली लागते. हे सगळे मिळाले तर ३०० चा आकडा खरा असतो.

१६/
ही कोंबडी आळ्याच्या परसात सोडली तर काय होते? पांढरी पिसे घारीला दुरून दिसतात. हलक्या अंगाची असूनही तिला उकिरडा उकरून पोट भरण्याचा सराव नसतो. ज्वारी-बाजरीचे चार दाणे, शिळी भाकरी आणि वाळवी-किडे यांवर तीनशे अंड्यांचा कॅल्शियम आणि प्रथिनांचा खर्च भागत नाही, म्हणून अंड्याचे कवच पातळ होते किंवा घालणेच थांबते. दोष कोंबडीचा नसतो. तिच्या आकड्यामागे उभी असलेली व्यवस्था परसात नसते.

१७/
कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नरच्या शेतांत ऊस आणला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. २००१ नंतरच्या काही वर्षांत बिबट्या आणि माणूस यांच्या संघर्षामुळे हा तालुका देशभर चर्चेत राहिला, आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले. बिबट्याला कुत्रा आणि शेळी आधी दिसते, पण उघड्यावर, नुसत्या डालग्याखाली झाकलेली कोंबडी त्यालाही आयतीच. मुंगूस आणि रानमांजर तर नेहमीचेच. या भागात जातीआधी खुराड्याची जाळी आणि कडी पाहावी लागते. त्यानंतर पाहायचे ते पक्ष्याचे भान : सावलीला दबकणे, उडून झाडावर बसणे. ते गावरानात शाबूत आहे.

१८/
शास्त्रज्ञांच्या हे ध्यानात आले आणि परसासाठी वेगळ्या जाती घडवण्याचे पर्व सुरू झाले. १९८९ साली बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ‘गिरिराज’ दिली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ‘वनराज’ आणि ‘ग्रामप्रिया’ घडवल्या. या पक्ष्यांची पिसे मुद्दाम रंगीत ठेवली गेली. शत्रूच्या नजरेतून सुटावे हा एक हेतू, आणि गावातल्या माणसाला पक्षी आपला वाटावा हा दुसरा. परसात वनराज वर्षाला सुमारे १००-११०, गिरिराज १३०-१५० आणि ग्रामप्रिया १६०-१८० अंडी देते. पहिल्या दोन जाती मांसालाही चालतात. तिसरी मुख्यतः अंड्यांची.

१९/
या सगळ्या संकरित जाती आहेत. त्यांचे आईबाप वेगवेगळ्या वंशरेषांतले असतात आणि त्या रेषा संस्थेत जपलेल्या असतात. घरी वनराजच्या नर-मादीपासून पिल्ले काढली तर ती आईबापांसारखी निघतील याची खात्री नाही : एखादी चांगली, एखादी सामान्य. शिवाय या माद्या भरवशाने खुडूक होत नाहीत. म्हणून दर दीड-दोन वर्षांनी नवी पिल्ले विकत घेणे, हे या निवडीत गृहीत धरलेले असते. ऱ्होड आयलंड रेड येथे वेगळी ठरते. ती स्थिर झालेली शुद्ध जात आहे, तिच्या अंड्यातून पुन्हा तीच निघते. पण बसते तीही क्वचितच.

२०/
महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत एक अर्थपूर्ण आकडा आहे. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा एक गट दिला जातो : २५ माद्या आणि ३ नर. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर नराची गरजच नसते. नराशिवायही कोंबडी अंडी देते, आणि ती जास्त टिकतात. मग हे तीन नर कशाला? कागदावर का होईना, गावात पुढची पिढी निघावी ही जुनी अपेक्षा त्या आकड्यात शिल्लक आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या अंड्यांवर बसायचे कोणी?

२१/
याचे उत्तर गावोगावच्या बायकांनी केव्हाच शोधले आहे. जास्त अंडी देणारीची अंडी गोळा करायची आणि खुडूक झालेल्या गावरान कोंबडीच्या पोटाखाली ठेवायची. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दहा-बारा अंडी. सातव्या-आठव्या दिवशी दिव्यासमोर धरून वांझ अंडी काढून टाकायची. एकविसाव्या दिवशी गावरान आई तांबडी पिल्ले घेऊन अंगणात येते, घार दिसताच ओरडून त्यांना पंखांखाली घेते, आणि उकरायला शिकवते. यंत्रातून निघालेल्या पिल्लाला हे शिकवणारे कोणी नसते.

२२/
उलट बाजू पाहायची तर कडकनाथकडे पाहावे. मध्य प्रदेशातील झाबुआची ही काळी कोंबडी, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले ते मांसाचे. अंडी शंभराच्या आतबाहेर, आणि बसण्यात ती फारशी भरवशाची नाही. तरी पश्चिम महाराष्ट्रात ती सोन्याचे अंडे देणारी म्हणून विकली गेली. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे, पिल्ले द्यायची आणि पक्षी-अंडी परत चढ्या भावाने घ्यायची, अशा योजनेत असंख्य शेतकरी फसल्याचे प्रकरण गाजले. पिल्लू देणारा आणि अंडे घेणारा एकच असला की पाळणाऱ्याच्या हाती काय उरते, याचा तो धडा होता.

२३/
दुसरा धडा २००६ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला उद्रेक झाला. मोठ्या शेडमधील लाखो पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. शेड पुन्हा भरण्यासाठी उबवणी केंद्राला मागणी नोंदवता येते. परंतु एका गावात पिढ्यानपिढ्या निवडली गेलेली, तिथल्या उन्हाला आणि रोगांना सरावलेली गावरान एकदा गेली, की ती कोणत्याही केंद्रात विकत मिळत नाही. शेजारच्या गावातून, कोणाच्या तरी नातेवाइकांकडून, डालग्यातून पुन्हा आणावी लागते.

२४/
बाजारानेही एक गोंधळ घातला आहे. गावरान अंड्याला जास्त भाव मिळतो, म्हणून तपकिरी अंडे म्हणजे गावरान अशी समजूत रुजली. कवचाचा रंग जातीवर ठरतो, सकसपणावर नव्हे. लेगहॉर्नचे पांढरे, ऱ्होड आयलंड रेडचे तपकिरी, गावरानाचे बहुधा फिकट बदामी. पिंजऱ्यात मापाचे खाद्य खाणारी तपकिरी अंड्यांची जातही असते. अंडे विकून मिळणारे पैसे अनेक शेतकरी घरांत बाईच्या हातचे असतात : मुलीची वही, एसटीचे तिकीट, आजारपणातली गोळी. भावातला हा फरक तिच्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर रंग पाहून नव्हे, घर पाहून अंडे घेणारे गिऱ्हाईक लागते.

२५/
मग आळ्यासारख्या गावात आज परसासाठी कोणती जात निवडावी? घरच्यापुरती भरपूर अंडी हवीत आणि दर दोन वर्षांनी तलंगा विकत घ्यायची तयारी आहे, तर ग्रामप्रिया. अंडी आणि मांस दोन्ही हवे, तर गिरिराज किंवा वनराज. जात शुद्ध राखून घरीच वाढवायची, तर ऱ्होड आयलंड रेड. आणि यांपैकी काहीही निवडले तरी सोबत दोन गावरान माद्या, ज्या खुडूक होतात अशा. मानमोडीची लस आणि बिबट्याला न उघडणारी कडी ही दोन्ही प्रत्येक निवडीत धरलेली.

२६/
दीडशे वर्षे कोंबडीच्या सुधारणेचा इतिहास ‘वर्षाला किती अंडी’ या एका प्रश्नावर लिहिला गेला. त्या प्रश्नाने शहरांना स्वस्त प्रथिने दिली, हे लहान काम नव्हे. परसाचा प्रश्न मात्र आणखी एक असतो : पुढच्या वर्षीची कोंबडी कोठून येणार? खुडूक झालेली गावरान कोपऱ्यातल्या टोपलीत पिसे फुगवून बसते, हात लावला की चोच मारते, आणि तीन आठवडे एकही अंडे देत नाही. तिच्या त्या तीन आठवड्यांतच या प्रश्नाचे उत्तर असते.